आसनाची आठवण

मोटारगाडीतील आसनाला 'स्मरणशक्ती' लाभली ती १९५७ साली, अमेरिकेत. कॅडिलॅकच्या एल्डोरॅडो ब्रूम गाडीत आसनाच्या दोन जागा ठरवून ठेवता येत. त्याच वर्षीच्या फोर्ड थंडरबर्डमध्ये किल्ली बंद करताच आसन मागे सरके आणि चालू करताच तबकडीवर लावलेल्या जागी परते. आठवण होती ती तबकडीची. आसन हलवणारी विद्युत मोटर तेव्हाही विसराळू होती, आजही आहे. वीज मिळाली की फिरायचे, एवढेच तिला ठाऊक! मग आपण कोठवर आलो, हे कळते कसे?

आज हे काम बहुधा हॉल संवेदक करतो. १८७९ साली एडविन हॉल यांनी सोन्याच्या पातळ वर्खातून वीजप्रवाह सोडला. वर्ख चुंबकीय क्षेत्रात ठेवताच त्याच्या दोन कडांमध्ये विभवांतर निर्माण झाले. मोटरीच्या दांड्यावरील चुंबक फिरू लागला की याच परिणामामुळे संवेदकात विजेचे स्पंद उमटतात. पुढे जाताना ते मिळवायचे, मागे येताना वजा करायचे. पहिलीचेच गणित हे. बटण दाबून आपण साठवतो ती ही संख्या.

मोटर आणि आसन यांच्यामध्ये वर्म गिअर असतो. त्यामुळे मोटर आसनाला ढकलू शकते, आसन मोटरीला नाही. जोरात ब्रेक लागला तरी मोजणी बिघडत नाही ती यामुळेच. चुकलीच, तर आसन एका टोकाला भिडवून पुन्हा शून्यापासून मोजावे लागते.