जोडीने फिरायला जाणं : बोर्ली-दिवेआगरच्या किनाऱ्याचा थोडा वेगळा इतिहास

शनिवारी सकाळी बोर्ली पंचतनच्या बाजारातून पुण्या-मुंबईच्या गाड्या एकामागून एक दिवेआगरकडे वळतात. कुणी ताम्हिणी घाटाने माणगाव-म्हसळ्यावरून आलेलं असतं, कुणी आगरदांड्याहून फेरीबोटीत गाडी घालून दिघीला उतरलेलं असतं. बऱ्याच गाड्यांत दोघंच असतात. दोन दिवस राहायचं, सुरूच्या बनात बसायचं, संध्याकाळी पाण्यात पाय बुडवून चालायचं, मासे खायचे आणि रविवारी परत जायचं, एवढाच कार्यक्रम.

गेल्या काही वर्षांत या गाड्यांत आपलीही जोडपी दिसू लागली आहेत. मुंब्र्याची, महाडची, पनवेलची. लग्नाला सहा महिने झालेला मुलगा बायकोला घेऊन निघाला की घरातलं कुणीतरी मोठं माणूस म्हणतं, "आपल्यात असलं काही नव्हतं." या वाक्यात राग कमी आणि नवल जास्त असतं, पण ऐकणाऱ्या सुनेला ते लागतं. आपण काहीतरी बाहेरचं, धर्माला आणि रीतीला सोडून करतो आहोत असं तिला वाटू लागतं. "आपल्यात नव्हतं" हे खरं आहे का, आणि नव्हतं तर का नव्हतं, हे इतिहासात शोधावं म्हणून हा लेख.

आधी दिवेआगरविषयी. हे गाव फार जुनं. शके ९८२ मधला, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट इथला आहे. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. पुढे हा सगळा भाग जंजिऱ्याच्या सिद्दींच्या राज्यात होता. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे त्या राज्याचे कोकणातले मुख्य भाग. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झालं. पण 'फिरायला जाण्याचं ठिकाण' म्हणून दिवेआगरचं वय फार थोडं आहे. १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि दर्शनाला लोकांची रीघ लागली. दर्शनाला आलेला माणूस जेवायला थांबला, जेवलेला रात्री मुक्कामाला राहिला, आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या घरांवर 'राहण्याची व जेवणाची घरगुती सोय' अशा पाट्या लागल्या. २४ मार्च २०१२ रोजी त्या मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले आणि मुखवटा गेला. तरी लोक येत राहिले, कारण तोवर समुद्राची ओढ लागली होती. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने वाड्या झोपवल्या, तेव्हा पर्यटनावर इथली किती चूल पेटते ते सगळ्यांना कळलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुखवट्याची पुन्हा स्थापना झाली.

म्हणजे मौजेसाठी समुद्राकडे जाण्याची गोष्ट इथे जेमतेम एका पिढीची. त्याआधी समुद्राकडे कोण जात होतं? कामाला जाणारा माणूस.

कोकणी मुसलमानांचं आणि समुद्राचं नातं व्यापारातून आलं. अरबस्तानातून येणारी गलबतं, त्यांच्याबरोबर आलेला शाफई मसलक, इथल्या बायकांशी झालेली लग्नं आणि त्यातून घडलेली आपली बोली, यातूनच ही जमात उभी राहिली. नाखुदा, सारंग, टिंडेल, खलाशी हे शब्द आपल्या घरांत आडनावांइतके ओळखीचे आहेत. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या आणि इंग्रज कंपन्यांना स्वस्त मजूर हवे होते. या जहाजांवर डेकच्या खलाशांत कोकण किनाऱ्याचे मुसलमान मोठ्या संख्येने होते. इंग्रज त्यांना 'लस्कर' म्हणत. गोऱ्या खलाशापेक्षा त्यांना पगार कितीतरी कमी आणि झोपायला जागाही कमी. पहिल्या महायुद्धात बुडालेल्या जहाजांवरच्या ज्या हिंदी खलाशांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही, अशा दोन हजारांहून जास्त जणांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या खलाशी-गृहात आहे. त्या दोन हजारांतल्या बऱ्याच जणांच्या मागे कुठल्या ना कुठल्या गावात एक बायको असणार. तिचं नाव कुठल्याच स्मारकावर नाही.

या बायकांचं आयुष्य कसं होतं, ते आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. नवरा एकदा जहाजावर चढला की वर्ष-दीड वर्ष परत नाही. पैसे मनीऑर्डरने यायचे, तेही सासऱ्याच्या नावावर. पत्र यायचं, पण ते वाचायचं कुणी? बाईला वाचता येत नसे. मग उर्दू शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाला बोलावायचं आणि त्याने ओसरीवर बसून मोठ्याने वाचायचं. सासू-सासरे, दीर, शेजारी सगळे ऐकणार. लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असे, म्हणून पत्रात सगळ्यांना सलाम, मोठ्यांना दुआ, गाई-म्हशींची चौकशी आणि पैसे मिळाल्याची पोच, एवढंच. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या पत्रात बायकोसाठी म्हणून एक ओळ नसे.

हे फक्त मुसलमानांत होतं असं मात्र नाही. शेजारच्या आळीतला कुणबी, आगरी, भंडारी घरधनी मुंबईच्या गिरणीत होता. तोही गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपत होता आणि शिमग्याला नाहीतर गणपतीला घरी येत होता. त्याची बायकोही मनीऑर्डरीच्या पावतीवर अंगठा उठवत होती. कोकणातले संसार असे अर्धे गावात, अर्धे बाहेर चालले. आमचे बाहेरचे बंदर जरा लांबचे, एवढाच फरक.

मग १९७३ नंतर आखातात तेलाचा पैसा आला आणि जहाजाच्या जागी विमान आलं. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या गावागावांतून माणसं कुवेत, दुबई, दम्माम, दोहा इथे गेली. मातीच्या घरांच्या जागी स्लॅबची घरं झाली, मशिदींना मिनार चढले, मुलींच्या शिक्षणाला पैसा मिळाला. पत्राऐवजी कॅसेट येऊ लागली, पण तीही टेपरेकॉर्डरभोवती बसून सगळं घर ऐकायचं. बायकोला तिकडे नेण्याची परवानगी ठराविक पगाराच्या वरच्यालाच, आणि आपले बहुतेक लोक त्या रेषेच्या खाली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, तेव्हा सुमारे पावणेदोन लाख हिंदी माणसांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावं लागलं. कोकणातली कित्येक माणसं त्या वेळी एका पिशवीनिशी घरी पोचली.

एक साधा हिशोब मांडून पाहा. माणूस बाविसाव्या वर्षी गेला, बावन्नाव्या वर्षी कायमचा परतला. दर दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी. तीस वर्षांत पंधरा सुट्ट्या, म्हणजे तीस महिने. तीस वर्षांच्या लग्नात नवरा-बायको अडीच वर्षं एकत्र. त्या अडीच वर्षांत घराचं बांधकाम, बहिणींची लग्नं, मयती, दवाखाने आणि पाहुणे. दिवेआगरची चौपाटी बोर्लीपासून हाकेच्या अंतरावर असूनही तिथे दोघांनी मिळून एक संध्याकाळ घालवली नाही अशी जोडपी आपल्याकडे कमी नाहीत. ज्या समुद्रावर आज लोक जोडीने येतात, त्याच समुद्राने आपली जोडपी दोन किनाऱ्यांवर ठेवली होती.

म्हणून "आपल्यात नव्हतं" या वाक्याचा पूर्ण अर्थ असा की आपल्याला ते परवडत नव्हतं. ती रीत नव्हती, मजबुरी होती. पुष्कळ काळ चालली की मजबुरीही रीतीसारखी दिसू लागते.

ज्यांना परवडत होतं त्यांनी काय केलं, हे याच किनाऱ्यावर पाहता येतं. ज्यांच्या राज्यात बोर्ली होतं ते जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान आणि त्यांच्या बेगम नाझली रफिया सुलतान १९०८ मध्ये युरोपच्या सफरीवर गेले. सोबत बेगमची बहीण अतिया फैजी होती. नाझली बेगमनी त्या प्रवासाचं वर्णन उर्दूत लिहिलं आणि ते 'सैर-ए-युरोप' या नावाने छापलंही गेलं. आपल्या भागातली एक मुसलमान बाई शंभरहून जास्त वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर जग पाहते आणि आपल्या बहिणींसाठी ते लिहून ठेवते, ही गोष्ट आपल्या शाळांत कुणी सांगत नाही. या कथेचा शेवट गोड नाही. त्यांना मूल झालं नाही आणि पुढे पाच-सहा वर्षांत तो संसार मोडला. बरोबर प्रवास केला म्हणजे लग्न टिकतंच असं नाही. पण बेगम नवऱ्यासोबत हिंडली आणि तिने प्रवास लिहिला म्हणून कुणी तिला दीनबाहेर काढलं नाही.

दुसरं जोडपं अलिबागजवळच्या किहीमचं. सालिम अली हे पक्षी-अभ्यासक, मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यातले. त्यांचं आणि तहमीना यांचं लग्न डिसेंबर १९१८ मध्ये झालं. १९३० च्या सुमारास ते जर्मनीहून पक्षीशास्त्राचा अभ्यास करून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशाअभावी रद्द झालेली. हाती नोकरी नाही. मग हे दोघं किहीमला समुद्राकाठी जाऊन राहिले. तिथे पावसाळ्यात सालिम अलींनी सुगरणीच्या खोप्यांचं निरीक्षण केलं. मराठीत आपण पक्ष्याला सुगरण म्हणतो, पण खोपा विणतो तो नर. तो अर्धा खोपा विणून थांबतो, मादी येऊन पाहते, पसंत पडला तर राहते. अंडी घातली की नर दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसरी मादी शोधतो. हे बारकाईने नोंदवलेलं काम पुढे त्यांच्या नावाची पहिली मोठी ओळख ठरलं. यानंतर हैदराबाद आणि त्रावणकोर संस्थानांत झालेल्या पक्षी-पाहण्यांत तहमीना त्यांच्यासोबत तंबूत राहिल्या. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सालिम अली १९८७ पर्यंत जगले, पण त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरी गेलेल्या दिवसांत समुद्राकाठी दोघांना मिळालेला तो वेळ वाया गेला असं कोण म्हणेल?

कुणी म्हणेल, नवाब आणि मुंबईचे श्रीमंत बोहरे, त्यांचं काय घेऊन बसलात! मग त्याहून वरचं उदाहरण घ्या. अल्लाहचे रसूल सफरीत असताना बीबी आएशांबरोबर धावण्याची शर्यत लावत. एकदा बीबी पुढे गेल्या, काही वर्षांनी हुजूर पुढे गेले आणि हसून म्हणाले की मागची परतफेड झाली. ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे आणि आपल्या मौलवींना ती ठाऊक आहे. जुम्म्याच्या बयानात नवऱ्याच्या हक्कांवर तासभर बोलतात, तेव्हा यातली पाच मिनिटं या शर्यतीला दिली तर बरं होईल. सोबत्यांना पुढे जायला सांगून, आपल्या बायकोबरोबर मोकळ्या मैदानात धावणारा नबी ज्या उम्मतचा, तिच्यात बायकोबरोबर वाळूत चालणं लाजेचं कसं?

खर्चाचा प्रश्न खरा आहे. कर्ज काढून, हॉटेलच्या खोलीचे फोटो स्टेटसला टाकण्यासाठी जाणं हा वेगळा रोग आहे आणि तो सगळ्याच समाजांत पसरला आहे. हयेचा प्रश्नही खरा आहे. चारचौघांत कसं वागावं हे प्रत्येकाने घरातून शिकून निघावं. पण या दोन्ही गोष्टी सांभाळून दोन दिवस जोडीने काढता येतात. बोर्लीच्या माणसाला तर दोन दिवसही नकोत. असरची नमाज पढून निघालं तर मगरिबच्या आत किनाऱ्यावर तासभर बसून परत येता येतं. त्याला रिक्षाच्या भाड्यापलीकडे फार काही लागत नाही.

आज व्हिडिओ कॉलमुळे नवरा-बायको रोज एकमेकांचं तोंड पाहतात आणि मधे पत्र वाचणारा मुलगा नसतो. मुली शिकल्या, काही नोकरीला लागल्या, काहींनी कुवेतच्या पैशापेक्षा पनवेलमधली लहान नोकरी करणारा नवरा पसंत केला. त्यांना दोन दिवस एकत्र हवेत, यात आपल्या आज्या-नान्यांनी न मागितलेली गोष्ट मागण्याचं धाडस आहे. त्या आज्या-नान्यांना हवं नव्हतं म्हणून त्यांनी मागितलं नाही असं समजू नका. मागायला नवराच गावात नव्हता.

तेव्हा सून दिवेआगरला निघाली तर तिला टोमणा मारू नका, डब्यात दोन तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून द्या. आणि घरात आखातातून परतलेला साठीचा माणूस असेल, तर एखाद्या संध्याकाळी त्याला आणि त्याच्या बायकोलाही रिक्षात बसवून किनाऱ्यावर सोडा. तीस वर्षांतले जे साडेसत्तावीस वर्षं राहून गेले, त्यातली एक संध्याकाळ तरी त्यांच्या हाती पडेल.