कमान, कॉइल आणि हवा : आंबिवलीच्या वाटेवरील स्प्रिंगांचा इतिहास

वाहनाची चाके आणि त्याचा वरचा सांगाडा यांच्यामध्ये धक्के सोसणारी जी यंत्रणा असते तिला सस्पेन्शन म्हणतात, आणि तिच्या इतिहासात एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो : स्प्रिंगचा कडकपणा कारखान्यातच एकदा ठरवून कायम ठेवावा, की भार, वेग आणि रस्ता यांनुसार तो बदलत राहील अशी सोय करावी? आज हा प्रश्न प्रामुख्याने आरामदायी स्पोर्ट्‌स कार घेणाऱ्यांपुढे येतो, कारण त्यांना नेहमीचे सस्पेन्शन आणि जास्त पैसे मोजून मिळणारे ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’, म्हणजे परिस्थितीशी जुळवून घेणारे सस्पेन्शन, यांतून निवड करावी लागते. मात्र कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या दिशेने, शहाड आणि टिटवाळा यांच्या दरम्यान वसलेल्या आंबिवलीचा विचार केला, तर जुळवून घेणारे सस्पेन्शन तेथील बहुसंख्य लोकांच्या वाट्याला मोटारीतून नव्हे, तर लोकलच्या डब्यातून आले, आणि वाहनांच्या इतिहासात या घटनेला मिळायला हवे तेवढे स्थान अद्याप मिळालेले नाही.

या भागातील जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नव्हतीच. आस थेट साट्याखाली असे आणि खडी-खाचखळग्यांचा प्रत्येक हादरा मालाला व माणसाला जसाच्या तसा बसे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबडाया इलियटने पोलादी पट्ट्यांची कमान घोडागाडीखाली बसवली आणि पुढे तीच कमान टांगे, व्हिक्टोरिया व रेल्वेचे डबे यांच्याखाली सर्वत्र पोहोचली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला आणि १८५५ मध्ये आंबिवलीच्या शिवारातून वासिंदपर्यंत गेली, तेव्हा त्या काळच्या डब्यांना तोलून धरत होते ते असे एकावर एक रचलेले पाटेच. या पाट्यांचा एक गुण असा, की वाकताना ते एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणामुळे डब्याचे हेलकावे आपोआप आवरले जातात. पण दोषही त्यातच दडलेला आहे, कारण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात पाट्यांमध्ये गंज धरला की घर्षण वाढते आणि बसकण कडक होते. म्हणजे ज्या स्प्रिंगचा कडकपणा कायम मानला जाई, तिचाही कडकपणा बदलत होताच, फक्त तो कोणाच्या इच्छेने बदलत नव्हता.

मोटारींच्या बाबतीत मुंबई-ठाणे परिसराचा वाटा अनेकांच्या समजुतीपेक्षा मोठा आहे. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० आणि नंतर तिचेच रूप असलेली पद्मिनी तयार झाली. तिच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग, म्हणजे वेटोळ्यांची स्प्रिंग, असे, तर मागच्या आसाखाली पूर्वीचेच पाटे कायम होते. १९९० च्या दशकात याच कंपनीने पेजो या फ्रेंच कंपनीशी भागीदारी करून डोंबिवली परिसरातील कारखान्यात पेजो ३०९ ही मोटार काढली. तिच्या मागच्या चाकांना ना पाटे होते ना वेटोळे. तेथे टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन धक्का शोषणारा पोलादी दांडा, बसवलेला होता आणि त्यामुळे मागची यंत्रणा थोड्या जागेत मावत असे. भागीदारी दशक संपण्यापूर्वीच मोडली आणि त्या मोटारीही हळूहळू रस्त्यावरून नाहीशा झाल्या. पाटा, वेटोळे आणि दांडा हे तिन्ही प्रकार दिसायला कितीही वेगळे असले, तरी तिन्हींचा कडकपणा आराखड्याच्या कागदावरच ठरलेला होता.

कायम कडकपणाचे हे बंधन मोडण्याचे प्रयत्न युरोपात फार आधी सुरू झाले होते. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी दाबाखालील वायू आणि तेल वापरले गेले, ज्यामुळे माणसे कितीही बसली तरी गाडीची उंची सारखीच राही. शर्यतीत १९८७ साली आयर्टन सेना याने संगणकाने चालणारे सक्रिय सस्पेन्शन असलेली लोटस मोनॅकोत जिंकवून दाखवली, १९९२ मध्ये विल्यम्स संघाने त्याच मार्गाने अजिंक्यपद मिळवले आणि १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या मोटारींत रुजली ती त्याहून साधी पद्धत : स्प्रिंग तीच ठेवायची आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्याला गॅरेजमध्ये शॉकअप म्हणतात, त्यातील तेलाची वाट विजेच्या व्हॉल्व्हने कमी-जास्त करायची, किंवा तेलात लोहकण मिसळून चुंबकीय क्षेत्राने ते क्षणार्धात घट्ट करायचे. अशा चुंबकीय द्रवाचा शोध जेकब राबिनोव याने अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस लावला होता, पण मोटारीत तो २००२ साली कॅडिलॅकमधून आला.

आंबिवलीकडे परतताना प्रथम भाराचा विचार करायला हवा. शेजारच्या मोहने येथील नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे हे स्थानक कामगारांचे झाले, पुढे कल्याणपलीकडे स्वस्त घरांच्या शोधात लोकवस्ती सरकत गेली, आणि कसारा मार्गाची गाडी सकाळी खचाखच तर दुपारी मोकळी धावू लागली. मुंबईच्या नऊ डब्यांच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजारांवर माणसे, चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी, हे आकडे नियोजनाच्या चर्चेत नेहमी येतात. त्यांचा अर्थ असा, की एका डब्यात पाचशे माणसे, म्हणजे सुमारे ३० टनांचा भार चढतो आणि उतरतो. जुन्या डब्यांखालचे पोलादी वेटोळे या भाराखाली तळाशी टेकू नये म्हणून इतके कडक करावे लागे, की दुपारच्या रिकाम्या गाडीत बाकावर बसलेल्या माणसाला रुळांचा प्रत्येक जोड जाणवे. शिवाय भरलेला डबा खाली बसल्याने पायदान आणि फलाट यांतील उंचीचा फरकही बदलत राही.

१९९९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई रेल्वे विकास महामंडळाने जागतिक बँकेच्या कर्जातून जे नवे रेक, म्हणजे डब्यांचे संच, आणले, ते चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बांधलेले आणि सीमेन्सची विद्युत यंत्रणा असलेले होते; २००७ च्या अखेरीस ते प्रथम पश्चिम रेल्वेवर आणि नंतर मध्य रेल्वेवर धावू लागले. त्यांत डबा आणि बोगी, म्हणजे चाकांची खालची चौकट, यांच्यामध्ये रबरी हवास्प्रिंग बसवलेली आहे. तिची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. डब्याला एक लहान व्हॉल्व्ह जोडलेला असतो आणि त्याची तरफ सळईने बोगीशी बांधलेली असते. माणसे चढून डबा किंचित दबला की तरफ वर उचलली जाते, टाकीतली दाबाची हवा स्प्रिंगमध्ये शिरते आणि डबा पूर्वीच्या उंचीवर येतो, तर माणसे उतरली की जादा हवा बाहेर सोडली जाते. क्षणिक हादऱ्यांना त्याने प्रतिसाद देऊ नये म्हणून व्हॉल्व्ह मुद्दाम सावकाश चालणारा ठेवलेला असतो, आणि हवा निघून गेलीच तर आतल्या रबरी आधारावर डबा टेकून गाडी कमी वेगाने पुढे नेता येते. हवेचा दाब वाढला की स्प्रिंगचा कडकपणाही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून भरलेला आणि रिकामा डबा जवळपास एकाच लयीत डोलतो. यात संगणक नाही, तरी भार ओळखून स्वतःला बदलण्याचे काम ही यंत्रणा चोख करते, हे तिचे मोठेपण आहे.

स्पोर्ट्‌स कारची गोष्ट याहून वेगळी पडते, कारण दीड टनाच्या गाडीत दोन माणसे बसली तरी भार जेमतेम दहा टक्क्यांनी बदलतो. तेथे बदलतो तो रस्ता आणि वेग. एकाच प्रकारच्या चांगल्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला नीट जुळवलेले कायम सस्पेन्शन पुरेसे असते आणि ते स्वस्तात दुरुस्तही होते. पण आंबिवलीच्या आसपास तशी स्थिती नाही. मोहन्याचे पेव्हर ब्लॉक, गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे ओलांडून निघालेली गाडी थोड्याच अंतरावर, भिवंडी तालुक्यातील आमणे येथे, ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने धावू शकते. खड्ड्यांसाठी मऊ ठेवलेली गाडी त्या वेगात वळणावर झुकते आणि वेगासाठी कडक केलेली गाडी मोहन्यात पाठ मोडते. म्हणून या भागातल्या मालकाला जुळवून घेणारे शॉकअप खरोखर उपयोगी ठरतात, मात्र ते बिघडल्यास कल्याणच्या साध्या गॅरेजमध्ये बदलून मिळण्याची शक्यता कमी असते आणि एका नगाची किंमत साध्या शॉकअपच्या कित्येक पट होते.