जीर्णोद्धार फक्त देरासराचाच का?



पर्युषणाआधीची साफसफाई चालली होती. माळ्यावरचे डबे उतरवताना स्वयंपाकघराच्या छताचा मोठा पोपडा खाली आला. वर पाहिले तर तपकिरी, गंजलेली सळई उघडी पडलेली. दोन वर्षांपूर्वी तिथेच ओल आली होती, तेव्हा मी वरून रंग मारून घेतला होता. आमच्या इमारतीला तिसावे वर्ष लागले आहे. मागच्या सभेत ‘स्ट्रक्चरल ऑडिटचा खर्च पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्यांत मीही होते.

त्या रात्री झोप लागली नाही. विरार आठवत राहिले. 26 ऑगस्ट 2025 च्या मध्यरात्रीनंतर विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंटचा मागचा भाग कोसळला आणि 17 माणसे गेली. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी आणि आपली संवत्सरी. आपण प्रतिक्रमणाला बसलो तेव्हा तिथे अजून ढिगारा उपसत होते. ती इमारत 2012 ची, म्हणजे जेमतेम तेरा वर्षांची, आणि अनधिकृत.

आणि याच तालुक्यात वसईचा किल्ला बघा. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली, पुढच्या काही दशकांत तट उभा राहिला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला. खाडीचे खारे वारे आणि कोकणचा पाऊस शतकानुशतके खाऊन भिंती अजून उभ्या आहेत. जुन्या लोकांचे हातच वेगळे, असे आपण म्हणतो. पण खरे कारण साधे आहे. ते बांधकाम जाडजूड दगडाचे आणि चुन्याचे. भार खाली दाबत जातो, आणि भिंतीच्या पोटात गंजायला लोखंड नाही.

आपली घरे आरसीसीची. त्यात ताण सळई घेते आणि सिमेंट तिला गंजापासून जपते. पण पाणी झिरपले, काँक्रीट पोकळ राहिले किंवा खाडीची खारी रेती न धुता वापरली, तर सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. आपल्याला दिसतो तो पोपडा शेवटी पडतो, आजार आधीपासून असतो. म्हणूनच कॉलमच्या सळईवर 40 मिलिमीटर काँक्रीटचे आवरण हवे, ओतलेल्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारायला हवे, असे नियम आहेत. घाईत बांधलेल्या इमारतीत नेमके हेच वाचवले जाते, आणि वरचा गिलावा सगळे झाकतो.

पण किल्ल्याकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. भिंती राहिल्या, तरी तिथे कोणी राहू शकत नाही. चर्चची छपरे गेली, भेगांतून पिंपळ उगवले. दगड-चुन्याने भिंत टिकली. घर टिकायला रोज पाहणारे माणूस लागते.

हे आपल्या धर्माला फार पूर्वीच कळले होते. नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपण व्याख्यानात ऐकतो. शत्रुंजयाचे सोळा उद्धार आपण मानतो. सोळावा चित्तोडच्या कर्माशाहांनी 1531 मध्ये केला. आज आपण जिथे डोके टेकवतो ते तीर्थ पुन्हा पुन्हा कोणीतरी सावरले म्हणून आहे. देरासराच्या जीर्णोद्धाराला आपण हात आखडत नाही. मग ज्या छताखाली मुले झोपतात, त्याच्या दुरुस्तीच्या वर्गणीला इतकी घासाघीस का?

साधू-साध्वी रोज वस्त्र-पात्राचे पडिलेहण करतात, एखादा जीव चिरडू नये म्हणून. आपण पाणी गाळतो, धान्य निवडतो. त्याच डोळ्यांनी महिन्यातून एकदा घर बघावे: बाथरूमखालच्या छताची ओल, कॉलमवरची उभी भेग, गच्चीच्या पाइपाजवळचे रोप, अचानक घट्ट झालेला दरवाजा. आतल्या खोल्या वाढवायला कॉलम किंवा बीम तोडू देऊ नये. घर घेताना लादी आणि मॉड्युलर किचनआधी बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. तीस वर्षे झालेल्या इमारतीचे ऑडिट तर कायद्यानेच बंधनकारक आहे. ते सभेच्या मर्जीवर नाही.

मी सेक्रेटरीभाईंना फोन करून सांगितले की ऑडिटचा विषय पुन्हा घ्या, मी पाठिंबा देते. आमच्या हिश्श्याचे पैसेही दिले. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांच्या स्वयंपाकघरातही वर पिवळट डाग होता. तो आमच्याच मोरीचा. दोन वर्षे त्या सांगत होत्या आणि मी ‘बघते’ म्हणत होते.

संवत्सरीला अजून आठवडा होता. मी तिथेच हात जोडले. मिच्छामि दुक्कडम्. दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला.