दुनळी बंदूक आणि मागे पडलेला कुत्रा

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत ‘बारा बोर’ हा शब्द अपरिचित नाही. त्या आकड्याचा अर्थ मात्र सहसा कोणी सांगत नाही. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत नेमकी बसेल, ती बारा बोरची नळी. या बंदुकीची परिचित ठेवण बव्हंशी 19व्या शतकात ब्रिटनमधील पाखरांच्या शिकारीतून घडली. मोर आणि रानकोंबडा यांच्याच कुळातील फेझंट हा त्या शिकारीतील एक मानाचा पक्षी.

आरंभी शिकारी पायी फिरे आणि त्याच्यापुढे कुत्रा असे. सेटर वास लागताच जागीच थिजे. स्पॅनियल झुडपांत शिरून पाखरू उठवी. फेझंट उडण्याआधी पळू पाहतो. कुत्र्यावाचून तो जाळीतून बाहेर पडणे कठीण. म्हणून बंदूक निवडावी ती कुत्र्याचे काम पाहूनच. दिवसभर वागवायची, तेव्हा ती हलकी हवी, सुमारे साडेसहा पौंडांची. पाखरू जवळून उठते, म्हणून पहिल्या नळीचे छर्रे लवकर पसरावेत; ते दूर जाते, म्हणून दुसऱ्या नळीचे तोंड अधिक आवळलेले असावे. जखमी पाखरू हुडकून आणणे, हेही कुत्र्याचेच काम.

या शतकात बंदूक झपाट्याने बदलली. चकमकीच्या बंदुकीत रंजक पेटल्याचा लखलखाट पाहून पाखरे सावध होत. त्यावर उपाय शोधताना अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या दारूची युक्ती काढली व 1807 मध्ये तिचे पेटंट घेतले. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात फ्रान्सच्या लफोशोची मागून काडतूस भरायची बंदूक इंग्रजांनी पाहिली आणि ठासणीच्या बंदुकीचे दिवस भरले. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन व डीली यांनी बाहेरचा घोडा नाहीसा केला.

बार जलद निघू लागले, तसा शिकारीचा नूर पालटला. शिकारी एका जागी उभा राहू लागला; हाकारे पाळीव फेझंट त्याच्या माथ्यावरून उडवू लागले. निवड आता एका बंदुकीची राहिली नाही. जोडबंदुका आणि भरून देणारा नोकर हवा झाला. पुढे चालणारा कुत्रा मागे गेला आणि पडलेली पाखरे गोळा करण्यापुरता उरला. 18 डिसेंबर 1913 रोजी हॉल बार्न येथे एका दिवसात 3,937 फेझंट मारले गेले. परतताना पंचम जॉर्जने आज जरा अतिरेक झाला असे म्हटल्याची आठवण त्याच्या मुलाने पुढे आत्मचरित्रात नोंदवली आहे.

याउलट अमेरिकेतील साउथ डकोटात, जिथे फेझंट बाहेरून आणून सोडले गेले आणि 1919 मध्ये पहिला हंगाम झाला, आजही अनेकजण कुत्र्यामागून पायी चालतात. तेथे दिवसाला तीन नर, एवढीच मर्यादा आहे.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटला. घरातील दुनळी, जिथे असेल तिथे, आठवणीपुरतीच उरली. तिच्या दोन नळ्या मात्र अजून सांगतात, की ती अधिक मारण्यासाठी नव्हे, नेमके मारण्यासाठी घडली होती. बंदूक वेगवान झाली, तेव्हा तो संयम सांभाळणे माणसाच्या हाती आले, आणि तिथेच तो चुकला.