मराठी पानाच्या जुळणीचे शिक्षण : छापखाना, क्लास आणि स्वाध्याय

जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून पुढे दीर्घकाळ मराठी पान जुळवायला शिकण्याची खरी शाळा छापखाना हीच राहिली. खिळे, म्हणजे धातूत ओतलेली सुटी अक्षरे, खणांच्या पेटीतून वेचून ओळी लावणारा जुळारी फोरमनच्या हाताखाली तयार होई, आणि मुद्रितशोधकाकडून खुणांनी भरून परत येणारे प्रूफ त्याच्या चुका त्याला रोज दाखवी.

१९८५ मध्ये ऑल्डस कंपनीचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर आले आणि संगणकावर पाने मांडण्याचे तंत्र, म्हणजे डीटीपी, लहान कार्यालयांच्या आवाक्यात येऊ लागले. मराठीसाठी मात्र केवळ ते पुरेसे नव्हते. त्या काळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असत. त्यांतच अर्धी अक्षरे, रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे बसवावी लागत, आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असल्याने एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची प्रणाली आणि पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीची श्री-लिपी यांनी मराठी अक्षरे संगणकावर आणली, तरी टंकलेखन यंत्राचा कळफलक आणि सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलक यांतून निवड करणे शिकणाऱ्यावरच राहिले. इंग्रजी माहितीपुस्तकात यातले काहीच नसे. म्हणून डीटीपीच्या क्लासची फी भरणे ही अनेकांची निकड होती, आणि त्याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल.

युनिकोडने, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या मानकाने, फॉन्टच्या निराळ्या मांडण्यांची अडचण पुष्कळ कमी केली. पाने मांडण्याच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून देवनागरीची जुळणी थेट होऊ लागली आणि स्वाध्यायाची वाट मोकळी झाली. आज्ञावली घरबसल्या शिकता येते, हे मान्यच करावे लागते. परंतु ओळीच्या शेवटी शब्द कोठे तोडावा, उकार आणि मात्रा एकमेकांना भिडू नयेत यासाठी दोन ओळींत किती अंतर सोडावे, शीर्षक परिच्छेदापासून तुटून पानाच्या तळाशी एकटे का राहू नये, हे ज्ञान सॉफ्टवेअरचे नाही, मुद्रणाचे आहे. स्वाध्याय करणाऱ्यापुढे खुणा करणारा कोणी नसतो; आणि क्लासची निवड करताना फी किंवा प्रमाणपत्र यांपेक्षा तेथे विद्यार्थ्याने लावलेले पान कागदावर काढून तपासले जाते की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे होय.