घाईत ठेवलेली दोन नावं

1874 च्या एप्रिलात पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादार यांनी सोडलेल्या स्टुडिओत, तीसेक चित्रकारांनी आपलं आपण प्रदर्शन मांडलं. सरकारी ‘सलों’च्या परीक्षकांपुढे दरवर्षी उभं राहायचा त्यांना वीट आला होता. कॅटलॉगसाठी क्लोद मोनेला एका चित्राचं नाव विचारलं. ल हाव्रचं बंदर, पहाटेचं धुकं, नारिंगी सूर्य. पण बंदराचं रीतसर दृश्य म्हणावं इतकं स्पष्ट त्यात काहीच नव्हतं. ‘इम्प्रेशन’ लिहा, असं त्यानं सांगून टाकलं.

25 एप्रिलला ‘ल शारिवारी’ या विनोदी पत्रात लुई लरवाने तोच शब्द उचलला आणि ‘इम्प्रेशनिस्टांचं प्रदर्शन’ या मथळ्याखाली सगळ्यांचीच खिल्ली उडवली. भिंतीवर चिकटवायचा कागद कच्चा असतानाही या समुद्रापेक्षा पुरा वाटतो, असा त्याचा टोला. तो लागला, कारण स्टुडिओच्या भाषेत इम्प्रेशन म्हणजे मोठ्या चित्राआधीची झटपट नोंद. 1877 च्या तिसऱ्या प्रदर्शनात चित्रकारांनी हेच नाव स्वतः मिरवलं. मराठीत आपण दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शब्द भारदस्त आहे, नेमकाही आहे. पण ती थट्टा त्यात उरली नाही, याची मला रुखरुख लागते.

घाई तर त्या कामातच होती. ऊन सरकायच्या आत रंगवायचं. 1841 मध्ये जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगासाठी कथिलाच्या नळीचं पेटंट घेतलं होतं. रंगपेटी उचलून नदीकाठी बसणं तिनं सोपं केलं. फटकारे तुटक, एकाशेजारी एक. सावलीत काळ्याऐवजी निळा, जांभळा.

दुसरं नाव पडलं ते छत्तीस वर्षांनी, लंडनला. नोव्हेंबर 1910 मध्ये ग्राफ्टन गॅलरीत रॉजर फ्राय नव्या फ्रेंच चित्रांचं प्रदर्शन भरवत होता आणि त्याला नाव सुचेना. ‘एक्सप्रेशनिस्ट’ हा शब्द एका पत्रकाराला रुचला नाही. शेवटी फ्राय म्हणाला, निदान हे इम्प्रेशनिस्टांच्या नंतरचे तरी आहेत, तेव्हा पोस्ट-इम्प्रेशनिस्टच म्हणू.

या नावात कालक्रमापलीकडे काहीच नाही. मराठीत मात्र ‘उत्तर-दृक्प्रत्ययवाद’ झाला, आणि ‘उत्तर’ म्हणजे नंतरचा तसंच जबाबही. मला हा शब्द मूळ नावाहून खरा वाटतो. सरणाऱ्या उजेडाला प्रत्येकानं आपापला जबाब दिला. जॉर्ज सराने ‘ग्रांद जात’ बेटावरचा रविवार 1884 ते 1886 अशी दोन वर्षं रंगवला. ठिपक्यांच्या त्या चित्रात माणसं पुतळ्यांसारखी थबकली आहेत. सेझान सेंत-व्हिक्त्वार डोंगराकडे वर्षानुवर्षं परतत राहिला, रंगाच्या चौकोनी थरांतून त्याचं वजन उभं करत. गोगँने डोळ्यांसमोरचा रंग सोडून मनातला घेतला. जमीन सरळ लाल केली. व्हॅन गॉग घाईतच रंगवी, पण त्याचा फटकारा उजेडाची नव्हे, स्वतःच्या तगमगीची नोंद ठेवतो.

आणि ‘नंतरचा’ हे तरी कितपत खरं? 1874 मध्ये नादारच्या त्याच स्टुडिओत मोनेसोबत सेझानचीही चित्रं टांगलेली होती. लंडनमध्ये नवं नाव पडलं तेव्हा हे चौघेही हयात नव्हते. सत्तरीचा मोने मात्र जिव्हेर्नीला आपल्या कमळांच्या तळ्याकाठी अजून होता.