हंटिंग्टन, १५ ऑगस्ट २०१६

दुपारी ३ च्या आधी
सोमवार. वेस्ट व्हर्जिनियातलं, ओहायो नदीकाठचं जेमतेम पन्नास हजार वस्तीचं गाव. हेरॉइन इथे नवं नाही. पण आज गावात फिरणाऱ्या मालात हेरॉइनहून कितीतरी जालीम असं फेंटानिल आहे आणि कार्फेंटानिलही. हे दुसरं हत्तीला भूल देण्यासाठी वापरतात. घेणाऱ्यांना याचा पत्ता नाही.

दुपारी ३
९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन सुरू होतात. एक संपेपर्यंत दुसरा.

दुपारी ४
आता हिशेब मिनिटांचा. अतिमात्रा झाली की ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, घशात घरघर. घरच्यांना वाटतं, गाढ झोप लागलीय. पण श्वास थांबला की चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते, आणि अमेरिकेत अनेकदा रुग्णवाहिकेआधी पोचते ती पोलिसांची गाडी. म्हणूनच मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सीच्या पोलिसांनी २०१० पासूनच गस्तीवर नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय विषावरचा उतारा, न्यायला सुरुवात केली होती. शिकायचं असतं ते थोडकंच: मुठीची पेरं छातीच्या मधल्या हाडावर जोरात घासायची, हालचाल नसेल तर नाकपुडीत फवारा मारायचा, मान मागे करून तोंडाने श्वास द्यायचा, दर पाच सेकंदांनी एक. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला, तर दुसरा फवारा. नुसत्या स्पर्शाने आपल्यालाही विष चढेल ही पोलिसांच्या मनातली भीती प्रशिक्षणातच काढायला हवी. त्या भीतीपायी हात आखडला, तर समोरचा जीव जातो.

संध्याकाळी ५ ते ८
फोन येतच राहतात. नंतरच्या सरकारी तपासात ५३ तासांतले अतिमात्रेचे २० रुग्ण नोंदले गेले. त्यांतल्या १६ जणांना नॅलोक्सोन दिलं. सहा जणांना एका मात्रेने भागलं नाही.

रात्री
मला सर्वांत धोक्याचे वाटतात ते हे तास. नॅलोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. अफूवर्गीय विष त्याहून जास्त वेळ टिकू शकतं. शुद्धीवर आलेला माणूस अंगभर तलफ घेऊन उठतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो आणि निघू पाहतो. त्याला थांबवून धरणं, श्वासावर नजर ठेवणं आणि उपचारांच्या दारापर्यंत नेणं हेही शिकवलंच पाहिजे. त्या २० जणांपैकी एकालाही व्यसनमुक्तीच्या मदतीकडे पाठवलं गेलं नव्हतं.

२०१७ च्या डिसेंबरात हंटिंग्टनने पॅरामेडिक, पोलीस, समुपदेशक आणि धर्मगुरू यांचं पथक उभं केलं. घटनेनंतर ७२ तासांच्या आत ते वाचलेल्या माणसाच्या घरी जातं. त्यातला पोलीस अटक करायला आलेला नसतो.